समुद्रजलातील ध्वनी आणि अत्युच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो

विश्वातून येणाऱ्या अत्युच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा वेध घेण्यात मुख्य अडचण त्यांच्या विरळपणाची आहे. एकावर अठरा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रिनो एक घन किलोमीटर पाण्यातही क्वचितच आंतरक्रिया करतात. ह्याहून विशाल आकारमानात प्रकाशग्राहक पसरणे दुष्कर होय. कारण स्वच्छ समुद्रजलातही प्रकाश काही दशक मीटरांतच क्षीण होतो. सुमारे १० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी मात्र त्याच पाण्यात काही किलोमीटर जातो.

अशा ध्वनीच्या उगमाची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ आस्कारयान ह्यांनी १९५७ मध्ये मांडली. न्यूट्रिनोच्या आंतरक्रियेतून निर्माण होणाऱ्या कणवर्षावाची ऊर्जा काही मीटर लांब व काही सेंटिमीटर जाड अशा स्तंभात शोषली जाते. ह्यास काही दशक नॅनोसेकंद पुरतात. उलट तेवढी जाडी ओलांडण्यास ध्वनीला काही दशक मायक्रोसेकंद लागतात. अर्थात पाणी प्रसरण पावण्यापूर्वीच तापते आणि मग एकाएकी फुगते. परिणामी प्रथम संपीडन व लगेच विरलन असा द्विध्रुवी स्पंद निघतो. उगम रेषाकार असल्यामुळे हा स्पंद अक्षाशी लंब असलेल्या पातळ चकतीच्या रूपाने पसरतो.

स्पंदाचा परमप्रसर पाण्याच्या प्रसरण-गुणांकावर अवलंबून असला पाहिजे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रुकहेव्हन येथील प्रोटॉन-शलाकेच्या प्रयोगांत, पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणताच स्पंद जवळजवळ लोपला. उपपत्तीस ह्याने बळकटी आली. भूमध्य समुद्राचे खोल पाणी सुमारे १३ अंशांचे असल्याने ते ह्या कामी अनुकूल ठरते.

तथापि स्पंद अतिशय दुर्बल असतो. वर सांगितलेल्या ऊर्जेस २०० मीटरांवर दाब केवळ १० मिलिपास्कलच्या घरात, म्हणजे वातावरणीय दाबाच्या एककोट्यंशाइतका भरतो. शिवाय लाटा, जहाजे व डॉल्फिन ह्यांचा कोलाहल असतोच. डॉल्फिनांचे काही ध्वनी तर आकारानेही ह्या स्पंदासारखेच असतात. म्हणून एकाच ग्राहकाची साक्ष पुरेशी नाही. अनेक ग्राहकांवरील आगमनकाळांवरून उगमस्थान व चकतीचा आकार ताडून पाहावा लागतो.

फ्रान्समधील तूलाँजवळच्या ‘अँटारेस’ दुर्बिणीवर २००८ पर्यंत ‘अमेडिअस’ नावाचे ३६ ध्वनिग्राहक बसविण्यात आले. ती दुर्बीण २०२२ मध्ये बंद झाली; पण खोल समुद्रातील पार्श्वध्वनीचे दीर्घकालीन मापन तिच्यामुळे साधले. ध्वनीच्या मार्गे न्यूट्रिनो अद्याप सापडलेला नाही. ‘केएमथ्रीनेट’ने २०२३ मध्ये प्रकाशाद्वारे नोंदलेल्या न्यूट्रिनोची अनुमानित ऊर्जा वरील ऊर्जेच्या सुमारे एकपंचमांश होती. त्याच जाळ्यात ग्राहकांची स्थाननिश्चिती करण्यासाठी ध्वनिसंवेदक बसविलेले आहेत. तेव्हा पुढील अभ्यासाचे साधन समुद्रतळाशी आधीच सिद्ध आहे.