आरे-वारेची चढण आणि दातेरी चाकें

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या वाटेनें गणपतिपुळ्यास निघालेल्या मोटारीला काळबादेवीपर्यंत फारसे कष्ट पडत नाहींत. खरी परीक्षा पुढें, आरे आणि वारे या गांवांच्या आसपास होते. रस्ता समुद्रालगतच्या डोंगरावर चढूं लागतो, वळणें घेतो, माथ्यावरून दोन्ही पुळणी दिसतात आणि उतारूंचे डोळे पाण्याकडे लागतात. नेमका त्याच वेळीं चालकाचा डावा हात एका दांडीवर जातो, एंजिनाचा सूर बदलतो आणि मंदावलेली गाडी पुन्हां नेटानें वर जाते. त्या दांडीखालीं, तेल भरलेल्या बंद पेटींत काय घडलें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तें समुद्राइतकेंच पाहण्याजोगें आहे.

कोंकणच्या वाचकांस यांतील मूळ युक्ति अनोळखी नाहीं. आगरांतील बैलाचा रहाट आठवा. बैल फिरतो आडव्या वर्तुळांत. गाडग्यांची माळ मात्र उभ्या चाकावरून वर यावयास हवी. म्हणून एक आडवें व एक उभें अशीं दोन लांकडी चाकें बसवीत आणि एकाच्या खुंट्या दुसऱ्याच्या खुंट्यांत अडकवीत. एस. टी.च्या गाडींत आजही हेंच चालतें. एंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीनें फिरतो, मागील चाकांचा आंस रुंदीनें. दोहोंची सांगड एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, व एक मोठें कडें घालून देतात. खुंट्यांच्या जागीं पोलादी दाते आले, एवढेंच. युक्ति तर फारच जुनी: ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजांतून 1901 सालीं वर आलेल्या यंत्रांत तीस दातेरी चाकें सांपडलीं, आणि तें यंत्र दोन हजार वर्षांहून जुनें आहे.

आतां गणित. 15 दात्यांचें पिनियन 45 दात्यांच्या चाकास फिरवीत असेल, तर पिनियनाचे तीन फेरे होतात तेव्हां मोठ्या चाकाचा एक होतो. वेग तृतीयांश झाला, परंतु फिरविण्याचा जोर जवळजवळ तिप्पट झाला. घर्षणांत थोडा जातो तेवढाच वजा. नवी शक्ति कोठूनही आली नाहीं. रुपया मोडून सुटे पैसे घेतले, तसा हा व्यवहार. एंजिन भरभर फिरतें तेव्हांच त्याच्या अंगीं बळ असतें. सावकाश फिरावयास लावलें तर तें गुदमरून बंद पडतें. चढणीवर चाकें तर सावकाशच फिरणार. म्हणून लहान मोटारींत पहिल्या गिअरवर एंजिनाचे सुमारें बारा ते पंधरा फेरे खर्ची घालून चाकाचा एक फेरा विकत घ्यावा लागतो. विजेच्या मोटारींस गिअर बदलावे लागत नाहींत, तरी वेग उतरवून जोर वाढविणारी दातेरी चाकें बहुतेकींत असतातच.

दात्यांची घडणही कुशलतेची आहे. 15 आणि 45 अशी जोडी घेतली, तर मोठ्या चाकाच्या प्रत्येक दात्यास जन्मभर पिनियनाचा तोच एक दाता भेटतो, आणि एखाद्या दात्यांत दोष असेल तर ठराविक दात्यांनाच तो सोसावा लागतो. म्हणून जुने कारागीर मुद्दाम 46 दाते करीत. मग प्रत्येकाची गांठ प्रत्येकाशीं पडते व झीज सारखी होते. आकाराची मीमांसा अठराव्या शतकांत आयलर या स्विस गणितज्ञानें केली. शिवणाच्या रिळावरील दोरा ताणून उलगडीत न्यावा. त्याचें टोंक जी वांकडी रेषा काढील, तीच दात्याची बाजू. अशा दात्यांनीं गति धक्क्यावांचून एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाते.

परंतु जिवाशीं गांठ पडते ती उतरतांना. इंधन वांचावें म्हणून कांहीं चालक उतारावर गिअर सोडवून, क्वचित् एंजिनही बंद करून, गाडी घरंगळूं देतात. एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस समुद्र असतां हें धाडस कशासाठीं? गिअर लागलेला असतां दात्यांचें नातें दोन्ही बाजूंनीं चालतें: चढावर एंजिन चाकांस फिरवितें, उतारावर चाकें एंजिनास. त्या ओढाताणींत वेग आपोआप आवरतो, आणि गिअर जितका खालचा तितका हा लगाम घट्ट. तो सोडला कीं सारा भार ब्रेकांवर येतो. ते तापतात, आणि फार तापले म्हणजे पाय दाबूनही पकड येत नाहीं. एंजिन बंद असेल तर ब्रेकांस मिळणारें निर्वात पोकळीचें साह्य दोनचार दाबांत संपतें व सुकाणूही जड होतें.

बचत म्हणावी तर तीही खोटी. आजच्या इंधन फवारणाऱ्या एंजिनांत, गिअर लावून उतरतांना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं इंधन बहुतेक वेळ मुळींच जात नाहीं. गिअर सोडल्यास मात्र एंजिन चालूं ठेवण्यापुरतें तरी जाळावें लागतें. जुने चालक ज्या गिअरवर चढतात त्याच गिअरवर उतरतात. तो माथ्यावरच, पुळणी पाहून झाल्यावर, गाडी सोडण्यापूर्वीं लावून घ्यावा. उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर सहजासहजीं लागत नाहीं.