खवा, व्हॉट्सॲप आणि मी

मराठी शिकवणाऱ्या माणसाने जाहिरातीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. वाचकांत कुणी माझे सहव्यवसायी असतील तर त्यांनी हा लेख जरूर वाचावा. बाकीच्यांनी चकली खाता खाता वाचला तरी चालेल.

2024 सालच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या धाराशिवच्या घरी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. बी.ए.ला असताना ही मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसे आणि क्वचितच तोंड उघडी. आता ती भूम तालुक्यातल्या एका गावी नांदते. सासरी खव्याची भट्टी आहे. पाच लिटर म्हशीचे दूध आटवावे तेव्हा कुठे किलोभर खवा पदरात पडतो, आणि तोही दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. सारी गोम इथेच आहे. माल टिकत नाही म्हणून व्यापारी सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो.

"सर, गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲपवर एक गट करायचाय," ती म्हणाली. "माणसं तुम्ही जमवा आणि मजकूरही तुम्हीच लिहा. तुमची मराठी चांगली आहे."

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला.

गटात 1024 माणसे मावतात हे कळताच मी सपाटा लावला. प्राध्यापक मंडळी, पुण्यातले नातलग, सौभाग्यवतींच्या भिशीतल्या बायका, कुणालाही न विचारता आत ओढले. संध्याकाळपर्यंत निम्मे निघून गेले होते. अमका गेला, तमकी गेली, असे ते यंत्र बारीक अक्षरांत फक्त गट चालवणाऱ्याला सांगते. केवढा हा निष्ठुर शिष्टाचार! सौ. म्हणाल्या, "रस्त्यावरून जाणाऱ्याला धरून पंगतीला बसवलंत, तर तो उठणारच."

मग पुण्याचा भाचा सल्ला द्यायला सरसावला. "मामा, रील करा. सध्या जे गाणं चाललंय ते लावा." 2020 च्या जूनअखेर आपल्या सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील आणले, तेव्हापासून दर आठवड्याला नवे गाणे आणि नवी लकब यांची साथ येते, तिला ट्रेंड म्हणतात. आम्ही उकळत्या कढईचे रील केले. बावीस हजार जणांनी ते पाहिले. मागण्या आल्या तीन. त्यांतली एक नागपूरची, जिथे खवा धडपणी पोहोचण्याची आशा नव्हती.

तरीही माझी हौस फिटली नव्हती. मी लिहिले: 'अस्सल कुंथलगिरी खवा, थेट भट्टीतून आपल्या दारी!' कुंथलगिरी भूम तालुक्यातच आहे, जैनांचे ते मोठे तीर्थक्षेत्र आणि तिथल्या पेढ्याची कीर्ती जुनी. तेव्हा नाव घेतले तर बिघडले काय, असा माझा भाबडा हिशोब. ओळ भलतीच गाजली. लोकांनी ती पुढे ढकलली आणि मागण्यांची रीघ लागली.

चौथ्या दिवशी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी गटात विचारले, "कुंथलगिरी खव्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आपली आहे का?"

नव्हती. मला तर तसा काही कायदा आहे हेही ठाऊक नव्हते. आता ओळ मागे घ्यावी म्हटले, तर ती कुठल्या कुठल्या गटांत हिंडत होती कोण जाणे. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसे जमावाने ठार मारली; त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा भारतात घातली. माझा अपराध कुठे आणि तो कुठे! पण ओळखीच्या माणसाने धाडले म्हणजे खरेच असणार, हा आपला समज दोन्हीकडे एकच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी गटात तिचा मजकूर होता. "आमचे गाव भूम तालुक्यात आहे, पण कुंथलगिरी नाही. नाव चुकीचे पडले. पैसे परत पाहिजेत त्यांनी सांगावे." माझा उल्लेखही नाही. तिघांनी पैसे परत घेतले. बाकीचे राहिले आणि, गंमत पाहा, त्या दिवसापासून गट बोलू लागला. गुलाबजाम तेलात फुटतात, ही एकीची तक्रार. त्यावर सोलापूरच्या एका आजींचे तीन उपाय. भेसळ कशी ओळखावी असे विचारताच तिने खव्यावर आयोडीनचा थेंब टाकून चित्रफीत पाठवली; पिठाची भेसळ असती तर डाग निळा झाला असता. रोज दूध किती, खवा किती, तेही येऊ लागले.

आमच्या जिल्ह्याने हे पूर्वी पाहिलेले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लातूरच्या किल्लारीबरोबर आमचे सास्तूरही कोसळले. त्यानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना घरबांधणीच्या कामात आणले. पुढे बचतगट झाले, आणि धूर कमी करणाऱ्या चुली, सौरदिवे घेऊन अशाच बायका दारोदार विकायला गेल्या त्या बऱ्याच वर्षांनी. आधी घर उभे राहिले, मग चूल खपली. मी आधी चूल घेऊन निघालो होतो.

2025 च्या सप्टेंबरात भूम-परांड्याकडे पुराने हाहाकार केला. जनावरे दावणीला बुडाली. तिच्या गावाचा दोन दिवस पत्ता नव्हता. गटात कुणी खव्याचे नाव काढले नाही, "म्हशी कशा आहेत?" एवढेच पुन्हा पुन्हा येई. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, "दोन गेल्या. बाकीच्या माळावर आहेत." काही जणांनी दिवाळीचे पैसे आगाऊ धाडले. तिने ते कुणाचे किती, हे गटातच लिहून काढले आणि खवा होईल तसा फेडीन म्हणून कळवले.

माझ्याकडे आता शुद्धलेखन तपासण्याचे काम आहे, तेही तिने माझे मन राखायला दिलेले. दिवाळीच्या आठवड्यात तिचा मजकूर आला: "ऊद्या फक्त सहा कीलो. ज्यांचे पैसे आलेत त्यांना आधी." दोन चुका होत्या. मी तो तसाच जाऊ दिला.