वर्तुळ आणि वारा

माबेलात गच्चीवर उभं राहिलं की वारा कुठून येतोय ते गालाला कळतं. दिवसा ओमानच्या आखातावरून खारा वारा येतो. रात्र चढली की हजर पर्वताकडून मतलई सुटतो. भूगोलाच्या पेपरपुरते पाठ केलेले हे दोन शब्द मला मस्कतच्या या उपनगरात अंगावर समजले. इथून पश्चिमेला सुमारे ६०० किलोमीटरवर अबुधाबीचं बराका अणुवीज केंद्र आहे. २०२०मध्ये तिथली पहिली भट्टी सुरू झाली आणि अशा ठिकाणी वाऱ्याचा हिशेब कोण ठेवतं, हे मी शोधू लागलो. तो शोध जपानच्या ‘स्पीडी’पाशी पोचला.

१९७९मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाल्यावर जपानने ही संगणकप्रणाली उभारायला घेतली. हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, तो डोंगरदऱ्यांवर बसवायचा, भट्टीतून किती किरणोत्सारी द्रव्य सुटतंय तो आकडा घालायचा आणि पुढच्या काही तासांत ते कोणत्या गावांवर जाईल ते रेखायचं. डोंगर वाऱ्याला अडवतो, दरी वळवते. म्हणून नकाशावर गोल उमटत नाही. एका अंगाला लांबलेली जीभ उमटते.

११ मार्च २०११च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या भट्ट्यांचे आकडे येईनासे झाले. मग ताशी एक बेकरेल सुटतोय असं धरून तंत्रज्ञ नकाशे काढत राहिले. प्रमाण गृहीत होतं, दिशा मात्र वाऱ्याच्या अंदाजातून आलेली होती. सरकारने १२ तारखेला कर्कटकाने काढावं तसं २० किलोमीटरचं वर्तुळ काढलं. नामिए गावचे हजारो लोक त्याच्या बाहेर, वायव्येला, त्सुशिमा भागात गेले. तिथे मुलं उघड्यावर खेळत होती. १५ तारखेला वारा फिरून वायव्येकडे वाहू लागला, आणि पाऊस-बर्फाने हवेतलं विष त्याच डोंगरांवर उतरवलं.

स्पीडीचे नकाशे १४ मार्चला अमेरिकी सैन्याकडे गेले होते. जपानी जनतेला पहिला नकाशा दिसला तो २३ मार्चला. मला हे वाचताना आजही राग येतो. सुटलेलं प्रमाण माहीत नव्हतं म्हणून नकाशे भरवशाचे नव्हते, असं कारण पुढे आलं. पण पाऊस किती पडेल हे ठाऊक नसलं तरी आभाळ कुठून भरून येतंय एवढ्यावर शेतकरी खळं झाकतोच की!

२०१४मध्ये जपानच्या अणुनियामकांनी ठरवलं, की लोकांना हलवताना स्पीडीवर विसंबायचं नाही, प्रत्यक्ष मोजलेला किरणोत्सर्ग पाहायचा. यात तथ्य आहे. अंदाज चुकला तर माणसं ढगाच्याच वाटेवर धाडली जातील. तरी मोजमाप हाती येतं ते ढग पोचल्यावर. दोन्ही हाताशी असावीत, असं मला वाटतं.

आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘आयरोडॉस’ नावाची अशीच प्रणाली तयार केली आहे. तारापूरच्या किनाऱ्यावरही दिवसा खारा, रात्री मतलई. तसा नकाशा काढायची वेळ आलीच, तर तो त्याच तासाला बोईसर-डहाणूच्या घराघरांत, मराठीत पोचावा.

त्सुशिमाच्या एका छोट्या भागात लोकांना परतायची मुभा मिळाली ती ३१ मार्च २०२३ला.