ॲपची सही कोणाच्या हाती?



गेल्या वर्षीची गोष्ट. ओव्हरटाइमच्या हिशेबावरून एका कारखान्याशी आमची बोलणी चालू होती. आमच्या चाळीस प्रतिनिधींच्या आयफोनांत एक लहानसे ॲप होते. आपापल्या खात्यातील जादा तासांची नोंद त्यात करून ठेवावयाची. बोलणीच्या दिवशी सकाळी फाटकावर एकाने फोन काढला, तर ॲप उघडेना. दुसऱ्याचे उघडेना, तिसऱ्याचेही तेच. इतकी वर्षे हे काम केलेल्या माणसाला पहिला संशय कोणाचा येणार? मालकानेच काही कळ फिरवली, असे आम्ही दहा जणांदेखत बोलूनही गेलो. दुपारी उलगडा झाला. ॲपला जोडलेल्या परवान्याची एक वर्षाची मुदत आदल्या रात्री संपली होती! शब्द मागे घ्यावे लागले. आमची शाळा नववीला सुटली. पण या फजितीनंतर जाणत्या मुलांना विचारून विचारून हा विषय आम्ही समजून घेतला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

ॲपल कंपनीने आपले ॲप स्टोअर जुलै 2008 मध्ये उघडले. आयफोनचा दंडक असा की, ज्यावर कंपनीने मान्य केलेली सही नाही ते ॲप चालावयाचेच नाही. ही सही शाईची नव्हे. ॲप करणाऱ्याच्या संगणकात किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक किल्ली खाजगी. ती त्याच संगणकात राहते, कंपनीकडेही जात नाही. दुसरी उघडी; ती अर्जासोबत ॲपलकडे जाते, आणि ‘ही किल्ली अमक्याची’ असा दाखला ॲपल देते. तेच सर्टिफिकेट. खाजगी किल्लीने सही केल्यावर ॲपमध्ये कोणी एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही आणि फोन ते नाकारतो.

म्हणजे सर्टिफिकेट हा आपला बिल्ला झाला. पण बिल्ला असला म्हणून कोणत्याही खात्यात शिरता येते काय? त्याला गेटपास लागतो. तो म्हणजे प्रोव्हिजनिंग प्रोफाइल. त्यात ॲप कोणते, सही कोणाची चालेल, ॲपला कोणकोणत्या सवलती आहेत, आणि ते कोणत्या फोनांवर चालेल, हे सारे लिहिलेले असते. मोजक्या लोकांना वाटावयाच्या ॲपसाठी प्रत्येक फोनाचा ओळखक्रमांक आधी नोंदवावा लागतो. वर्षाला असे आयफोन फक्त 100. मध्येच एखादा वगळला तरी त्याची जागा वर्ष पालटेपर्यंत मोकळी होत नाही. आमचे ॲप याच जातीचे होते. स्टोअरमधून मिळणाऱ्या ॲपची गोष्ट वेगळी: तेथे फोनांची यादी नसते, आणि करणाऱ्याच्या सर्टिफिकेटाची मुदत संपली तरी लोकांनी घेतलेले ॲप चालत राहते.

मोठ्या कंपन्यांना केवळ आपल्या नोकरांसाठी ॲप वाटण्याचा स्वतंत्र परवाना मिळतो. फेसबुकने त्या परवान्यावर एक ॲप बाहेरच्या लोकांना दिले आणि फोनातील व्यवहार पाहू देण्याबद्दल त्यांना महिना वीस डॉलरपर्यंत मोबदला देऊ केला. 30 जानेवारी 2019 रोजी ॲपलने ते सर्टिफिकेट रद्द केले. तत्क्षणी त्या कंपनीच्या नोकरांची बसगाड्यांची, जेवणाची, कामाची अंतर्गत ॲपे बंद पडली. दुसऱ्या दिवशी गूगलवरही हीच पाळी आली. दोघांनाही परवाने लवकरच परत मिळाले, हे खरे. गुन्हा फेसबुकचा होता हेही खरे. तरी एवढ्या बलाढ्य कंपनीचे रोजचे काम दुसऱ्याच्या एका सहीवर अडते, हे पाहून टाळेबंदीची नोटीस आम्हांस आठवल्यावाचून राहिली नाही.

आता आमच्या फजितीचा उरलेला भाग. ज्या मुलाने ॲप केले त्याने खाते स्वतःच्या नावावर काढले होते, आणि तो नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला. खाजगी किल्ली हरवली तर फारसे बिघडत नाही. जुने सर्टिफिकेट रद्द करून नवे काढता येते. पण ते त्याच खात्यातून. वेगळ्या खात्याच्या सहीचे ॲप जुन्यावर बसत नाही; आधी जुने पुसावे लागते, आणि त्यासोबत फोनातील नोंदीही जातात. चाळीस माणसांच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब, आणि त्याचे दार एका तरुणाच्या भलेपणावर! मुलगा भला निघाला. रात्री त्याने नवे प्रोफाइल काढून ॲप पुन्हा पाठविले, नोंदी जशाच्या तशा निघाल्या, आणि बोलणी दोन दिवसांनी पुढे सुरू झाली.

त्यानंतर कार्यकारिणीने ठराव केला. खाते युनियनच्या नावे काढले. त्यासाठी संस्थेचा डन्स क्रमांक मिळवावा लागला आणि वर्षाला 99 डॉलर भरावे लागतात. तरीही खातेदार म्हणून नाव एकाच व्यक्तीचे घालावे लागते. त्यावर बैठकीत दीड तास वाद झाला, आणि सरचिटणीस बदलला की खातेदारीही बदलावी असे ठरले. खाजगी किल्लीची प्रत एका पेनड्राइव्हवर परवलीच्या शब्दासह बंद करून खजिनदारांच्या कपाटात, युनियनच्या शिक्क्याशेजारी ठेवली आहे. परवलीचा शब्द मात्र त्यांच्याजवळ नाही. तो सरचिटणिसांजवळ असतो. खजिनदारांनी कचेरीतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रोफाइलच्या मुदतीआधीच्या महिन्यात लाल शाईने एक गोल काढून ठेवला आहे.