बिघडलेल्या आवाजाचं गणित

गिटारच्या दुकानात हल्ली दोन जातींचे अँप शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकाच्या मागच्या बाजूने डोकावलं तर काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी उजेड दिसतो. हा अँप उचलताना कंबर जपावी लागते. दुसऱ्यावर छोटासा पडदा आणि चार बटणं. त्याच्या काही जाती तर सॅकमध्ये मावतात. गंमत म्हणजे या दुसऱ्याची सगळी अक्कल एकाच कामी लागलेली असते: पहिल्याच्या चुका हुबेहूब करून दाखवणं. ज्या दोषावर मात करण्यासाठी जुन्या इंजिनिअरांनी जंग जंग पछाडलं, तोच दोष पुन्हा पैदा करायला आजची चिप सेकंदाला कोट्यवधी गुणाकार करते.

हा दोष नेमका काय, हे कळलं की कोणता अँप घ्यायचा हा प्रश्न बराच सोपा होतो.

पहिल्या अँपमधली ती काचेची नळी म्हणजे ट्यूब, जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. गिटार अँपमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी ट्यूब १२एएक्स७. जेमतेम दोन इंच उंचीची ही नळी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली आणि अजून बनते आहे. आत हवा नाही. मधोमध कॅथोड नावाची बारीक नळी असते. तिच्या पोटातली तार तापली की ही आतली नळी सातशे-आठशे अंशांवर जाते आणि तिच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. अँप सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं ते यासाठी. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना ही वाट बघणं नवीन नाही. कॅथोडच्या भोवती प्लेट असते आणि तिच्यावर दोनशे-तीनशे व्होल्ट, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. वाटेत असतं अगदी बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे ग्रिड. पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी एका हाताने इंचभर खाली-वर केली तरी शेतात जाणारं सगळं पाणी कमी-जास्त होतं. ग्रिडचं काम त्या फळीचं. गिटारच्या पिकअपमधून आलेला इवलासा सिग्नल ग्रिडवर चढतो आणि प्लेटकडे निघालेला सगळा लोंढा त्याच्या तालावर हलतो.

नळीच्या टोकाला काचेच्या आतून एक चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा. आत चुकून राहिलेला वायू शोषून घेणं हे त्याचं काम. हा डाग पांढरा पडलेला दिसला तर आत हवा शिरली आहे आणि ट्यूब संपली आहे, असं खुशाल समजावं.

आता जरा हिशेब करू. पिकअपमधून व्होल्टचा दहावा भाग आला असं धरा. १२एएक्स७चा एक टप्पा त्याला पन्नास-साठ पट करतो, म्हणजे सहा व्होल्ट झाले. पुढच्या टप्प्यात पुन्हा साठ पट केले तर ३६० व्होल्ट व्हायला हवेत. पण ट्यूबला मुळात मिळतात तीनशेच्या आसपास! मधली गळती सोडून दिली तरी मुद्दा तोच: असलेल्या व्होल्टांपेक्षा मोठी लाट काढायची कुठून? मग लाटेचा माथा चेपला जातो. चेपलेल्या लाटेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे सूर उगवतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणायचं.

ट्यूब हा माथा एकदम कापत नाही, आधी वाकवते. तिला मागचं थोडं आठवतही असतं. ग्रिडवर जोराचा सिग्नल आला की शेजारचा कपॅसिटर भारला जातो आणि तो भार उतरेपर्यंत पुढचे काही क्षण ट्यूब वेगळी वागते. अँपमध्ये घरातल्या विजेचा एकाच दिशेचा प्रवाह करणारा रेक्टिफायरही ट्यूबचाच असेल तर तार जोरात छेडल्यावर सगळ्या अँपचा वीजपुरवठा क्षणभर बसतो आणि हळूहळू वर येतो. सूर सुरुवातीला दबतो, मग फुलतो. एकच तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर खरखरीत. गिटारवादक ट्यूबवर जीव टाकतात तो या उत्तर देण्यावर.

या दोषाची एक अट होती. तो मिळवायचा तर अँप कान किटेपर्यंत मोठा करावा लागे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे १९६२च्या सुमारास फेंडर बासमन या अमेरिकी अँपवरून जेटीएम४५ तयार झाला आणि पुढे मार्शल हे नाव मोठ्या आवाजाशी कायमचं जोडलं गेलं. १९६४ साली किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर ब्लेडने स्पीकरचा कागदच चिरला, कारण त्याला साफ आवाज नकोच होता. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबतच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टनने स्टुडिओत मार्शल अँप मंचावर वाजवतात तेवढा मोठा ठेवला. दोष आणि दणदणाट एकाच गाठीत बांधलेले होते.

डिजिटल मॉडेलरने, म्हणजे दुकानातल्या त्या दुसऱ्या जातीच्या अँपने, ही गाठ सोडवली. लाइन ६ या अमेरिकी कंपनीचा लालभडक पॉड १९९८ साली आला आणि हेडफोन लावून, घरच्यांची झोप न मोडता, तापलेल्या अँपचा आवाज मिळू लागला. पहिल्या पिढीचा आवाज जाणकारांना बेगडी वाटला, आणि त्यात तथ्य होतं. मॉडेलर गिटारचा आवाज सेकंदाला साधारण ४८,००० वेळा मोजतो. या वेगात २४,००० कंपनांच्या वरचा सूर धरताच येत नाही. पण माथा चेपला की नवे सूर उगवतात, आणि त्यातले काही या मर्यादेच्या पलीकडे जातात. ते नाहीसे होत नाहीत, उलटे फिरतात: ३०,००० कंपनांचा सूर १८,००० वर येऊन बसतो. आता त्याचं मूळ सुराशी कुठलंच नातं उरत नाही. वरच्या पट्टीत तार ताणली की मागे भलतंच काहीतरी उलट्या दिशेने सरकताना ऐकू येतं ते यामुळे. उपाय असा, की हिशेबापुरता वेग आठ-आठ पट वाढवायचा, वरचे सूर गाळायचे आणि मग परत खाली यायचं.

नक्कल करण्याच्या दोन वाटा आहेत. एक, सर्किटमधल्या प्रत्येक रेझिस्टर-कपॅसिटरचं समीकरण मांडून ते सतत सोडवत राहायचं. दुसरी, अँप म्हणजे बंद पेटी समजायची: तिच्यात चाचणीचे आवाज सोडायचे, बाहेर काय येतं ते टिपायचं आणि दोन्हींमधलं नातं यंत्रालाच शोधू द्यायचं. जर्मनीच्या केम्पर या कंपनीने २०११ साली हे करणारा प्रोफायलर आणला. आज न्यूरल अँप मॉडेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून न्यूरल नेटवर्कला एखादा अँप शिकवतं. मात्र अशी नक्कल एका क्षणाची असते. मूळ अँपची बटणं ज्या जागी होती तिथलीच ती. बटण फिरवलं की पुन्हा शिकवणी.

स्पीकरचं काय? गिटारचा बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार कंपनांच्या वर फारसं काही ऐकवत नाही, आणि ते वरदानच आहे. तो नसेल तर हाच डिस्टॉर्शन कानाला टोचतो. मॉडेलर स्पीकरची छाप साठवून ठेवतो. ती २,०४८ आकड्यांची असेल तर आवाजाच्या दर मोजणीला २,०४८ गुणाकार, म्हणजे सेकंदाला ९ कोटी ८० लाखांच्या वर. प्रत्यक्षात गणिताच्या एका युक्तीने हे काम स्वस्तात होतं, पण कागदाच्या एका शंकूचा स्वभाव पकडायला एवढं लागतं हे ऐकूनच थक्क व्हायला होतं.

या गणितात वेळ जातो, म्हणून मॉडेलर उशिरा वाजतो अशी तक्रार असते. मॉडेलरला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात चौतीस सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर स्पीकरपासून मीटरभर लांब उभं राहिल्याइतकाच. मंचावर वादक याहून लांब उभे असतात. ब्लूटूथ हेडफोन लावले तर मात्र उशीर खरंच जाणवतो. वाजवताना वायरवालेच वापरावेत.

मग फरक राहतो कुठे? मोठ्या आवाजातला स्पीकर हवा ढकलतो, ती हवा गिटारच्या तारांना हलवते, तारांचा आवाज पुन्हा अँपमध्ये जातो आणि सूर धरून ठेवता येतो. हेडफोनमध्ये हे चक्र नाहीच. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यामुळे रात्री हेडफोनवर जमवलेला टोन मंचावर भलताच निघतो. मॉडेलरच्या नावाने फुटणारी बरीच खापरं खरं तर या दोन गोष्टींची असतात. तोच मॉडेलर दमदार स्पीकरला जोडून मोठा केला की निम्म्या तक्रारी विरतात.

म्हणून निवडताना आधी स्वतःला विचारावं: मी वाजवणार कुठे? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बावीस वॉटचा ट्यूब अँप रंगात येईपर्यंत शेजारी दारात उभे राहतील. पाच वॉटचा घेऊनही फार सुटका नाही, कारण आवाज निम्मा वाटायला वॉट दहा पटींनी कमी करावे लागतात. तिथे मॉडेलरच बरा. ठरलेला बँड, तालमीची खोली आणि एकच आवडता टोन असेल तर ट्यूबवर पैसे घालावेत. ट्यूबा झिजतात, बदलाव्या लागतात, आणि त्या बनवणारे मोठे कारखाने आता स्लोव्हाकिया, रशिया, चीन अशा मोजक्या देशांत उरलेत. पण साठ वर्षांचा अँपही सोल्डरिंग जाणणारा कारागीर जिवंत करू शकतो. स्वतः उघडायचा मोह मात्र टाळावा: प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जिवावर बेतेल इतके व्होल्ट धरून असतात. मॉडेलरची चिप गेली तर दुरुस्ती बहुतेक कंपनीच्या मर्जीवर.

दुकानात दोन्ही अँप एकाच खोलीत, सारख्याच मोठ्या आवाजात, स्पीकरमधूनच ऐका. आवाज खरखरीत करा आणि मग अँपला हात न लावता गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून हलकेच छेडा. खरखर निवळून सूर स्वच्छ झाला, तर अँप तुमच्या बोटांचं ऐकतोय. दोघेही सारखंच ऐकत असतील तर हलका घ्या. तालमीला चार जिने चढायचे आहेत.