पिशवी कोणाची?

'आत्मवाचक सर्वनाम' हें नांव ऐकतांच आठनऊ वर्षांच्या मुलाचा चेहरा कसा होतो, हें शिक्षकांस सांगावयास नको. नांव जड आहे. वस्तु मात्र त्याच्या रोजच्या बोलण्यांतली. 'ज्यानें त्यानें आपला डबा उघडावा' हें बाईंचें वाक्य त्याला पहिल्या दिवसापासून समजतें. जें समजतें तें ध्यानांत आणून देणें, एवढेंच आपलें काम. आणि त्याचा आरंभ व्याख्येपासून करूं नये. एखाद्या वादापासून करावा.

पुण्याच्या मंडईंतलेंच वाक्य घेऊं. १८८६ सालीं उघडलेली, अष्टकोनी मनोऱ्याची ती इमारत पुण्यांतल्या पुष्कळ मुलांनीं आईचा हात धरून पाहिलेली असते. (जिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनीं नगरपालिकेंत विरोध केला, तिलाच पुढें त्यांचें नांव मिळालें, पण तो विषय निराळा.) फळ्यावर लिहावें : 'भाजीवालीनें सुमनला पाहिलें व तिची पिशवी उचलली.' मग विचारावें, पिशवी कोणाची? कोणी सुमनची म्हणेल, कोणी भाजीवालीची. दोघांनाही खोडून काढतां येत नाहीं. वाद रंगूं द्यावा आणि मग एकच शब्द पुसून लिहावें : 'भाजीवालीनें सुमनला पाहिलें व आपली पिशवी उचलली.' वाद मिटला. पिशवी भाजीवालीची. 'तिची' हा शब्द कोणाकडेही जाऊं शकतो, 'आपली' हा उचलणारीकडेच परत येतो. हें मुलांच्या तोंडून निघाल्यावर त्याला आत्मवाचक म्हणतात हें सांगावें. तेव्हां तें नांव जड वाटत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, मराठींत 'आपण' हा एकच शब्द तीन घरीं नांदतो. 'आपण मंडईंत जाऊं' यांत बोलणारा व ऐकणारा दोघेही आले. 'आपण बसावें' यांत समोरच्याचा आदर आहे. 'तो आपण होऊन आला' यांत मात्र 'स्वतः' हा अर्थ. शालेय व्याकरणांतून खूण सांगतात कीं, आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या आरंभीं येत नाहीं. खूण उपयोगी आहे, परंतु ती 'आपला' या रूपाला लावूं नये. 'आपले पैसे तिनें पुन्हां मोजले' हें वाक्य शुद्ध आहे, आणि तेथें 'आपले' आरंभींच बसलेलें आहे.

'आत्मवाचक कर्त्याकडे जातें' असा नियमही पाठ करून घेतात. बहुतेक वाक्यांत तो चालतो. पण 'सुमनला गर्दींत आपली आई दिसली' हें वाक्य पहा. व्याकरणानें कर्ता आई; दिसली ती आई. तरी 'आपली' हा शब्द सुमनकडे जातो, आणि मुलांना त्यांत किंचितही संशय वाटत नाहीं. येथें मुलाचा कान नियमाहून शहाणा आहे. म्हणून लहान वर्गांत 'कर्ता' हा शब्दच टाळावा व 'हें वाक्य कोणाविषयीं आहे?' असें विचारावें.

'स्वतः' हें सर्वनाम नंतर घ्यावें, आणि तेंही 'मीं स्वतः तोलून पाहिलें' अशा जोर देणाऱ्या वाक्यांपासून. 'स्वतःला' हें रूप मराठींत आपण समजतों त्याहून कमी लागतें. इंग्रजी पुस्तकांवरून उतरविलेल्या अभ्यासांत 'मुलगा पडला आणि त्यानें स्वतःला दुखापत केली' अशीं वाक्यें आढळतात. मराठी मुलगा पडला तर त्याला लागतें. दुखापत करून घेणें ही वेगळी, आणि भयंकर, गोष्ट आहे! इंग्रजीला जेथें आत्मवाचक हवें असतें तेथें मराठी पुष्कळदां क्रियापदावरच भागविते, हें शिक्षकानें विसरूं नये. तसेंच 'मीं माझी पिशवी घेतली' हें वाक्य चूक ठरवूं नये. हिंदींत तेथें 'अपना' लागतो. मराठींत 'माझी' सहज चालतें.

'आपला' आणि 'स्वतः' यांच्या स्वभावांत एक सूक्ष्म भेद आहे, तो मुलांना विचारूं नये, पण शिक्षकास ठाऊक असावा. 'आईला वाटतें कीं सुमननें स्वतःला जपावें' येथें जपावयाचें तें सुमनलाच. 'आईला वाटतें कीं सुमननें आपल्याला मदत करावी' येथें मदत हवी ती आईला. 'स्वतः' आपल्या उपवाक्याचा उंबरठा सहसा ओलांडीत नाहीं, 'आपण' ओलांडतो. मुलांच्या निबंधांत कोण कोणास काय म्हणालें याचा जो घोळ होतो, त्याचें मूळ पुष्कळदां येथें असतें.

शेवटीं एक खेळ. पांच मुलांचीं दप्तरें वर्गाच्या मधोमध ठेवावीं व तीं मुलें मंडईंतलीं विक्रेतीं आहेत, दप्तरें त्यांच्या टोपल्या आहेत, असें मानावें. शिक्षकानें एकेक वाक्य म्हणावें, मुलांनीं तें करून दाखवावें. 'सर्वांनीं आपापली टोपली उचलली.' 'गंगूनें आपली टोपली रमाला दिली.' 'सर्वांनीं एकमेकांच्या टोपल्या उचलल्या.' तिसऱ्या वाक्याला वर्गांत थोडा गोंधळ होईल. तो होऊं द्यावा, आणि मग पहिलें वाक्य पुन्हां म्हणावें, म्हणजे दप्तरें ज्याचीं त्याच्याकडे जातील.