धार झाकलेली, हाताशी ठेवलेली

हिमवाटेची तयारी : लेखांक ६

सॅक भरताना कोणतं वजन कुठे ठेवायचं, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. जड वस्तू पाठीला लागून, हलक्या पण जागा खाणाऱ्या तळाशी आणि वाटेत लागणाऱ्या वरच्या झाकणात. या आठवड्यात त्याच सॅकमध्ये अशा वस्तू घालायच्या आहेत, ज्यांना एवढा नियम पुरत नाही: आइस ॲक्स, क्रॅम्पॉन, आइस स्क्रू, पिटॉन आणि चाकू.

सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला या वस्तूंची सवय नसते. हरिश्चंद्रगडाच्या किंवा रतनगडाच्या मुक्कामाला निघालेल्या सॅकमध्ये सगळ्यात धारदार वस्तू असते ती भाजी चिरायची सुरी. त्यामुळे मिळेल त्या फटीत सामान कोंबायची सवय लागते आणि ती तिथे खपूनही जाते. पुढे उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था असो, दार्जिलिंगची किंवा मनालीची संस्था असो, बेसिक कोर्सच्या साहित्यवाटपात ॲक्स आणि क्रॅम्पॉन पहिल्यांदा ताब्यात येतात. ते कसं बांधायचं हे प्रशिक्षक दाखवतात, लोड फेरीला निघताना तपासतातही. खरी कसोटी लागते ती कोर्स संपल्यावर, स्वतःच्या मोहिमेवर. तिथे तपासणारं कुणी नसतं आणि पहाटे दोनला, थंडीने बोटं आखडलेली असताना, हात जुन्याच सवयीने चालतात.

म्हणून प्रत्येक टोकदार वस्तू सॅकमध्ये ठेवताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे टोक कुणाला किंवा कशाला लागू शकतं? आणि गरज पडली तर ही वस्तू किती वेळात माझ्या हातात येईल? पहिल्या प्रश्नासाठी आवरण लागतं, दुसऱ्यासाठी जागा. दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. चार कापडांत गुंडाळून तळाशी पुरलेली ॲक्स कुणाला टोचणार नाही, पण घसरण्याच्या क्षणी तिचा काहीच उपयोग नाही. उलट हाताशी असलेली पण उघडी ॲक्स घसरण्याआधीच जखम करू शकते.

टोक नुसतं टेकत नाही, रुततं

वीस किलोची सॅक आपण खांद्यावरून उतरवतो तेव्हा शेवटच्या हातभर अंतरात ती बहुधा सोडूनच देतो. दमलेला प्रत्येक जण हेच करतो. त्या क्षणी सॅकचं वजन आणि पडण्याचा जोर आतल्या सामानावर येतो. मधे क्रॅम्पॉनचा दात असेल तर हा सगळा जोर काही चौरस मिलिमीटर जागेवर एकवटतो. दात बोथट असला तरी कापड फाटायला तेवढं पुरतं. डाउन जॅकेटचं अस्तर, स्लीपिंग बॅग, तंबूचा तळ, पाण्याची रबरी पिशवी, सगळ्यांचं असंच होतं. चार हजार मीटरवर डाउन जॅकेट फाटून पिसं बाहेर आली तर गैरसोय होतेच, शिवाय त्या रात्रीची ऊबही जाते.

सगळ्यात जास्त जपायचा तो रोप. गिर्यारोहणाच्या रोपाला बाहेरून विणलेलं आवरण असतं आणि आत भार पेलणारा गाभा. आवरणाला छेद गेला तर तो डोळ्यांना दिसतो. पण टोक आवरणाच्या विणीतून आत शिरून गाभ्याचे धागे तोडून गेलं असेल, तर बाहेरून फारसं काही दिसत नाही. अशा ठिकाणी रोप बोटांत धरून वाकवला की मऊ, पोकळ लागतो किंवा एकदम मोडल्यासारखा दुमडतो. म्हणून रोप आणि टोकदार साहित्य एका कप्प्यात कधीच नको. हार्नेस आणि स्लिंग यांनाही हाच नियम लावावा. ज्यावर जीव टांगायचा, ते धारेपासून लांब ठेवायचं.

आइस ॲक्स

ॲक्सला तीन धोकादायक जागा असतात. डोक्याच्या एका बाजूला अणकुचीदार पिक, दुसऱ्या बाजूला ॲड्झचं रुंद चपटं पातं आणि दांड्याच्या खालच्या टोकाला स्पाइक. तिन्हींसाठी रबरी टोप्या मिळतात. त्या वाटेत गळून पडतात, म्हणून प्रत्येक टोपी बारीक दोरीने दांड्याला बांधून ठेवावी. टोप्या नसतील तर पाण्याच्या जाड रबरी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून पिक आणि ॲड्झवर बसवावा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळावा. स्पाइकवरही तसाच लहान तुकडा चालतो.

बहुतेक सॅकच्या तळाशी बाहेरून एक पट्टीचं लूप शिवलेलं असतं. ॲक्स त्यात अडकवायची पद्धत अशी. स्पाइक जमिनीकडे ठेवून दांडा वरून लूपमध्ये सोडा. तेव्हाच पिक सॅकच्या मध्याकडे वळलेली आहे ना, ते पाहा. डोकं लूपवर येऊन अडकलं की दांडा बाहेरच्या बाजूने फिरवून वर आणा. आता डोकं खाली आलं आणि स्पाइक वर गेला. दांडा सॅकला चिकटवून वरच्या पट्टीने किंवा बंजी कॉर्डने घट्ट आवळा. दांडा फिरवला नाही तर ॲक्स नुसतीच लूपमध्ये लोंबकळते, चालताना पोटऱ्यांवर आपटते आणि एखाद्या उडीत निसटून जाते. शेवटी दांडा हाताने हलवून पाहावा. तो हलला तर पट्टी पुन्हा आवळावी.

या पद्धतीत स्पाइक वर राहतो, हे विसरू नये. आपण बुटाची लेस बांधायला वाकतो तेव्हा तो मागच्याच्या चेहऱ्यासमोर येतो. डोक्रियानी बामक या हिमनदीकडे जाणारी वाट बराच वेळ दाट जंगलातून चढते. तिथे उंच बांधलेला दांडा फांद्यांत अडकतो आणि चालणारा मागे ओढला जातो. त्यामुळे जंगल संपेपर्यंत स्पाइकची टोपी काढायची नाही आणि दोघांमध्ये दोन-तीन पावलांचं अंतर ठेवायचं.

बर्फ सुरू झालं की ॲक्स सॅकवरून उतरवून हातात घ्यायची. सोप्या सपाट जागी ती दांड्याच्या मध्यावर, तोल साधेल तिथे धरावी. स्पाइक पुढे आणि पिक जमिनीकडे असावी. मधेच खडकाचा टप्पा आला आणि दोन्ही हात मोकळे हवे असतील तर सॅक उतरवायची गरज नाही. ॲक्स पाठ आणि सॅक यांच्यामध्ये तिरकी सरकवावी. स्पाइक खाली, पिक खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधे आणि मानेपासून नीट दूर असावी. ही सोय थोड्या वेळापुरतीच आहे. वाट पुन्हा अवघड होताच ॲक्स हातात घ्यायची.

हातात असलेल्या ॲक्सची किंमत काय असते, हे 10 ऑगस्ट 1953 रोजी केटूवर दिसलं. अमेरिकन मोहिमेचे सदस्य आजारी आर्ट गिल्की यांना खाली आणत होते. एकाचा पाय घसरला, रोप एकमेकांत गुंतले आणि पाच जण उतारावरून खेचले गेले. पीट शोएनिंग यांनी आपल्या लाकडी दांड्याच्या ॲक्सचा एका खडकाला आधार देऊन रोप धरून ठेवला आणि घसरलेले पाच जण व गिल्की, असे सहा जण त्या एका आधारावर थांबले. हिमवादळ आणि थकव्याच्या त्या दिवशी ती ॲक्स सॅकवर बांधलेली असती तर हे घडलं नसतं. उतार जरा सौम्य झाला की ॲक्स बांधून टाकायची घाई होते, विशेषतः शिखरावरून परतताना. पाय सर्वांत थकलेले असतात तेही तेव्हाच. कठीण बर्फ पायाखालून पूर्ण संपेपर्यंत ॲक्स हातातच ठेवावी.

क्रॅम्पॉन

इंग्लिश इंजिनिअर ऑस्कर एकेन्स्टाइन यांनी 1908च्या सुमारास दहा दातांच्या क्रॅम्पॉनची रचना केली आणि इटलीतल्या कूर्मायरच्या ग्रिव्हेल या लोहारकाम करणाऱ्या घराण्याने ते घडवले. त्याच घराण्यातल्या लॉरेंट ग्रिव्हेल यांनी 1929मध्ये पुढे रोखलेले दोन दात वाढवले. उभ्या बर्फावर बुटाचं टोक रोवून चढता येऊ लागलं ते या दातांमुळे. सॅक फाडण्यातही सगळ्यात पुढे हेच दोन असतात. खालचे दात एका दिशेला असतात, त्यांना झाकणं सोपं जातं. पुढचे दोन मात्र पिशवीच्या टोकातून बाहेर पडायला पाहतात.

म्हणून जोडी ठेवताना दोन्हींचे दात एकमेकांकडे वळवावेत आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या टाचेकडे करावं. दात एकमेकांच्या फटींत बसले की जोडी चपटी होते. मग त्यांचेच पट्टे भोवती गुंडाळून टोक आत खोचावं. सुटा पट्टा चालताना कशातही अडकतो. ही जोडी जाड, लेप दिलेल्या कापडाच्या खास पिशवीत घालावी. अशी पिशवी नसेल तर ताडपत्रीच्या किंवा जुन्या जाड कापडाच्या दोन थरांची पिशवी चांभाराकडून शिवून घ्यावी. साध्या प्लास्टिकच्या पिशवीवर भिस्त ठेवू नये.

पिशवीची जागा सॅकच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला असावी. पाठीकडच्या बाजूला कधीही नको, कारण पाठीवर पडल्यास दात मणक्याकडे येतात. क्रॅम्पॉन सहसा हिमनदीच्या कडेला, सूर्य उगवायच्या आत लागतात. तेव्हा स्लीपिंग बॅग बर्फावर उपसून ते शोधणं हा ऊब आणि वेळ दोन्हींचा नाश आहे. काही जण ते सॅकच्या झाकणावर, दात आकाशाकडे करून उघडेच बांधतात. ती जागा डोक्याच्या अगदी मागे येते. मागे पडलं तर डोकं आणि मान त्यावर आपटतात आणि सॅक उचलायला हात घालणाऱ्याचा तळवा थेट दातांवर येतो. बाहेर बांधायचेच असतील तर आवरणासकट बांधावेत.

एक काम घरीच उरकायचं. ज्या बुटांवर क्रॅम्पॉन वापरायचे, त्याच बुटांवर त्यांची लांबी जुळवून ठेवायची. हातमोजे घालून, अंधारात, उतारावर स्क्रू फिरवत बसायची वेळ येऊ नये.

आइस स्क्रू, पिटॉन, चाकू

आइस स्क्रू ही पोकळ नळी असते आणि तिच्या टोकाला कापणारे दात असतात. इथे जपायचं दोघांना: स्क्रूपासून आपल्याला आणि आपल्यापासून स्क्रूला. दात एकमेकांवर घासले की बोथट होतात आणि बोथट स्क्रू कठीण बर्फात फिरत नाही. म्हणून प्रत्येकाला टोपी घालून ते कप्पे शिवलेल्या कापडी गुंडाळीत ठेवावेत. हार्नेसवर अडकवायचे ते चढाईच्या पायथ्याशी पोचल्यावरच. पिटॉन एका कॅराबिनरमध्ये ओवून कापडात गुंडाळावेत. चाकू मिटणारा घ्यावा आणि तो आपोआप उघडणार नाही याची खात्री करावी. ताणलेल्या रोपाला त्याच्या पात्याचा जरासा स्पर्शही पुरतो.

सॅक फक्त आपणच उचलत नाही

आपल्या सॅकला कितीतरी हात लागतात. जीपच्या टपावर सामान चढवणारा, बसचा क्लीनर, खेचरावर ओझं बांधणारा, आणि ते पाठीवर घेऊन चढणारा गढवाली किंवा नेपाळी पोर्टर. आत कुठे काय टोकदार आहे, हे त्यांना कळायला मार्ग नाही. पोर्टरच्या पाठीला टेकलेला दात त्याला लगेच टोचेलच असं नाही, पण चढाच्या शेवटी सॅक टेकताना नक्की टोचतो. म्हणून पोर्टरकडे द्यायच्या सामानातल्या टोकदार वस्तू सगळ्यात जास्त काळजीने बांधाव्यात, त्या कुठे आहेत हे त्याला हात लावून दाखवावं आणि पाठीला टेकणाऱ्या बाजूला मऊ सामानाचा थर असावा. ज्यांच्या श्रमावर आपली मोहीम उभी असते, त्यांच्या पाठीची काळजी घेणं हे आपलं कर्तव्य आहे.

रेल्वेत आणि बसमध्ये ॲक्स सॅकबाहेर ठेवू नये. ती झाकून आत, आडवी ठेवावी. विमानाच्या केबिनमध्ये ॲक्स, क्रॅम्पॉन, आइस स्क्रू नेता येत नाहीत. ते चेक-इन सामानात, टोकं झाकून, द्यावे लागतात.

मुक्कामावर

ओल्या क्रॅम्पॉनवर पिशवीचं तोंड बांधून ठेवलं तर रात्रीत गंज चढतो. मुक्कामावर पोचताच आवरणं काढून बर्फ झटकावं आणि फडक्याने पुसावं. तंबूत मात्र काहीही टोकदार नेऊ नये. क्रॅम्पॉन तंबूच्या दाराबाहेरच्या आडोशाला, दात खाली करून ठेवावेत. ॲक्स बर्फात उभी रोवावी. आडवी टाकलेली ॲक्स रात्रीच्या हिमवृष्टीत गाडली जाते किंवा तिच्यावर कुणाचा तरी पाय पडतो. धार काढायची असेल तर कानस हाताने चालवावी. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाची मुळातली कडकपणाची प्रत बिघडते.

या रविवारी घरी एक चाचणी घ्या. सगळं साहित्य सॅकमध्ये भरा आणि सोबत्याला तळहाताने चारही बाजूंनी आणि पाठीच्या बाजूने दाबायला सांगा. कुठे टोक जाणवलं तर बांधणी पुन्हा करा. मग जाड हातमोजे घालून, डोळे मिटून आधी ॲक्स आणि नंतर क्रॅम्पॉन काढा. दोन्ही वेळा हात न अडखळता हवं ते मिळालं आणि सोबत्याच्या तळव्याला काही लागलं नाही, तर तुमची सॅक हिमवाटेसाठी तयार आहे. ही सवय पुण्यात किंवा नाशकात लागली, तरच ती चार हजार मीटरवर कामी येते.

पुढच्या लेखांकात रोपाची निगा: धुणं, सुकवणं, नोंद ठेवणं आणि तो कधी बाद करायचा, हे पाहू.